एक तालुका, दोन निर्वासित

निर्वासितांविषयीचे भारतीय संशोधन बहुधा एका विधानापासून सुरू होते: भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. विधान खरे आहे. पण त्यातून निर्वासित म्हणजे सरसकट हक्कहीन असा एकजिनसी समूह उभा राहतो. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुका पाहिला की हे चित्र टिकत नाही.

गोठणगावजवळ १९७२ मध्ये नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत वसली. येथील बहुतेकांची कायद्याच्या लेखी नोंद परदेशी अशी. नोंदणी प्रमाणपत्राचे नूतनीकरण चुकत नाही. मात्र २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते. तिबेटींनाही हे लागू आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील नागरिक असण्याची अट आली. परिणामी एकाच घरात थोरला नागरिक आणि धाकटा परदेशी असू शकतो.

याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर या पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती आहेत. ही माणसे मतदार आहेत. परंतु नमशूद्र ही जात पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत असली, तरी महाराष्ट्राच्या यादीत नाही. नागरिकत्व मिळाले, जातीचा दाखला मात्र सीमेपलीकडे राहिला.

बी. एस. चिमणी यांनी १९९८ च्या निबंधात निर्वासित-अभ्यासामागचे पाश्चात्त्य राष्ट्रांचे हितसंबंध उघड केले. रणबीर समद्दार यांनी संपादित केलेल्या २००३ च्या ग्रंथाने भारतीय राज्यसंस्थेच्या आश्रयदानाची चिकित्सा केली. दोन्ही कामे मोलाची आहेत. तरीही अशा ग्रंथांत तिबेटी, चकमा, श्रीलंकेतील तमिळ यांची प्रकरणे वेगवेगळी पडतात. तहसील कचेरीच्या दारात मात्र तिबेटी आणि बंगाली एकाच रांगेत उभे असतात. कोणाला कोणता कागद मिळतो आणि का, हा प्रश्न त्या रांगेतूनच नीट विचारता येतो.

तो विचारणे निकडीचे आहे. प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्यांसाठी महाराष्ट्राने १९७६ मध्ये पुनर्वसनाचा कायदा केला. अंमलबजावणी कितीही अपुरी असो, धरणग्रस्ताला कायद्यावर बोट ठेवून भांडता येते. तिबेटींसाठी केंद्राचे २०१४ चे पुनर्वसन धोरण आहे. पण ते राज्यांना दिलेले मार्गदर्शन आहे, कायदा नव्हे. धोरणाखाली मिळते ती सवलत, आणि सवलत काढूनही घेता येते. संशोधनाने औदार्याची मोजदाद पुरे करून हा फरक मोजायला हवा.