दरडोई मरण

मरणाची जोखीम थोडी घटावी म्हणून माणूस किती पैसे मोजेल, किंवा ती पत्करताना किती जादा मजुरी मागेल, यावरून अर्थशास्त्र 'सांख्यिकी जीवनमूल्य' काढते. १९६८ साली टॉमस शेलिंगने ही वाट दाखवली. ही कुणा एकाच्या प्राणाची किंमत नव्हे, हा खुलासा मला मान्य आहे. पण तयारी आणि ऐपत या दोन गोष्टी ही पद्धत वेगळ्या करू शकत नाही, आणि वऱ्हाडात घोडे नेमके तिथेच अडते.

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसजण तरी दगावले. अकोल्याकडेही तेच घडले. मेलेल्यांत रोजमजूर होते. पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा आणि डोक्याला लागेल इतकी वाढलेली पऱ्हाटी. पद्धत म्हणेल, याने जादा फारसे मागितले नाही, म्हणजे त्याच्या लेखी जोखमीची किंमत थोडी. मी म्हणेन, त्याला दुसरे काम नव्हते. आणि डब्यात नेमके काय कालवले आहे हे त्याला सांगितले कुणी?

१९९५च्या हवामान बदलविषयक जागतिक अहवालात गरीब देशांतले मरण श्रीमंत देशांतल्या मरणाहून कितीतरी स्वस्त धरले गेले, तेव्हा भारताने हरकत घेतली. घरात मात्र आपणही कमाईच मोजतो. अमरावती-अकोला रस्त्यावर एकाच ट्रकखाली बत्तीस वर्षांचे दोघे गेले असे धरू. दोघांच्याही मागे चार-पाच खाणारी तोंडे. 'सरला वर्मा' (२००९) आणि 'प्रणय सेठी' (२०१७) या निकालांचा हिशेब लावला, तर महिना सहा हजार कमावणाऱ्या मजुराच्या घरी सुमारे बारा लाख येतात. साठ हजारांच्या कायम नोकरदाराच्या घरी, आयकर सोडून, सव्वा कोटीच्या वर. न्यायालय आश्रितांचे नुकसान मोजते, जीव नव्हे. फरक खरा आहे, पण विधवेला तो कसा समजावणार?

याउलट, २३ जानेवारी २००६चा शेतकरी आत्महत्यांविषयीचा शासन निर्णय उत्पन्न विचारतच नाही. सगळ्यांना सारखे एक लाख : तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. वरवर समता वाटते. मात्र कर्ज, नापिकी, वसुलीचा तगादा यांचे कागद जुळले तरच प्रकरण 'पात्र'. शिवाय जमीन कुटुंबाच्या नावे हवी. फवारणीच्या मजुराकडे सातबाराच नसतो.