‘मी कोण, सांगा पाहू?’

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (2013) या चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित हत्तीमागे निघून जातात. माहुताची बायको (अमृता सुभाष) त्यांना लेकरासारखे सांभाळते; काही आठवून दाखवा म्हणत नाही. चित्रपटाचे मर्म मला इथेच सापडते.

आपल्याकडे ईदला उलटेच घडते. गळाभेटीला आलेला प्रत्येकजण दादीला विचारतो, ‘मी कोण, सांगा पाहू?’ सणाची परीक्षा होते. दादी कावरीबावरी होऊन आतल्या खोलीत जाते. त्यापेक्षा आपणच नाव सांगून सलाम करावा, शीरखुर्म्याचे भिजवलेले बदाम तिच्यापुढे ठेवावेत. नावे हरवली तरी साल काढणे हातांना पुष्कळदा आठवते. आपल्या ईदकथांतही ही दादी केवळ करुणेपुरती न येता बदाम सोलताना दिसावी.