छत्तीस गुणांचं स्थळ

आमच्या घरात लग्नाचं कार्य निघालं की पत्रिका बघायला एक दूरचे काका यायचे. पाटावर बसून, चष्मा नाकावर ओढून ते गुण मोजायचे. त्यांनी छत्तीसपैकी तेहतीस जुळवून दिलेलं एक लग्न वर्षभरात मोडलं. आणि ‘अकराच जुळतात, सोडून द्या’ म्हणून सांगितलेल्या जोडप्याच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस परवा आम्ही श्रीखंड-पुरी खाऊन साजरा केला.

काकांची आठवण व्हायचं कारण माझा नातू. मुंजीत जमलेल्या पैशांतून त्याला हातात धरून खेळायचं यंत्र घ्यायचं आहे. त्याला ‘हँडहेल्ड कन्सोल’ म्हणतात. पैसे माझ्या ताब्यात असल्यामुळे अर्ज माझ्याकडे आला. सोबत चार यंत्रांचा तक्ता: पडदा किती इंची, चित्र किती बारीक, स्मरणशक्ती किती, वेग किती. शेवटचा रकाना किमतीचा. तो वाचून मी चष्मा पुसला. आकडा तसाच राहिला.

“आजोबा, ह्याचे सगळ्यात जास्त मार्क,” तो सर्वांत महाग यंत्रावर बोट ठेवून म्हणाला.

मी म्हटलं, “आठवडाभर थांब.” निवृत्त माणसाला काम मिळालं की तो आधी इतिहासात शिरतो. मीही शिरलो.

1989 साली जपानच्या निन्टेंडो कंपनीनं ‘गेम बॉय’ काढला. स्थळ म्हणून बघायला गेलं तर नाकारण्यासारखंच. पडदा शेवाळी, रंगाचा पत्ता नाही, आत दिवा नाही. रात्री खेळायचं तर खेळणाऱ्यानं ट्यूबलाइटखाली जाऊन बसायचं. त्याच वर्षी अटारीचा ‘लिंक्स’ आला आणि 1990 मध्ये सेगाचा ‘गेम गिअर’. दोघांचे पडदे रंगीत, आतून उजळलेले. काकांनी डोळे मिटून तेहतीस गुण दिले असते!

पण गेम गिअर सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत फस्त करायचा. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास सहज काढायचा. आपल्या हिशेबात सांगायचं तर रात्री पुण्याहून नागपूरच्या बसमध्ये बसलेल्या गेम गिअरनं संभाजीनगरच्या आसपास मान टाकली असती, आणि गेम बॉय सकाळी नागपुरात डोळे चोळत उतरला असता. शिवाय तो स्वस्त, आणि अमेरिकेत त्याच्याबरोबर ‘टेट्रिस’ हा खेळ आंदण मिळायचा. निकाल असा लागला की गेम गिअर कोटभराच्या आसपास खपला. गेम बॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून 11 कोटी 86 लाखांच्या वर.

ह्या यंत्राच्या मागे गुनपेई योकोई नावाचा गृहस्थ होता. आगगाडीत एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्यानं पाहिला, आणि त्यातून 1980 साली ‘गेम अँड वॉच’ हे खिशातलं खेळणं निघालं, अशी गोष्ट सांगतात. त्याचं तत्त्व असं की तंत्र नवंकोरं घेऊ नये. जुनं, स्वस्त झालेलं, ज्याच्या खोड्या सगळ्यांना ठाऊक आहेत असं घ्यावं आणि ते भलत्याच कामाला जुंपावं. आपल्या भाषेत, मुरलेलं. लोणच्याबद्दल आपल्याला हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. यंत्राबद्दल सांगायला जपानी माणूस यावा लागला. ह्याच योकोईनं पुढे 1995 मध्ये ‘व्हर्च्युअल बॉय’ काढला. तो टेबलावर ठेवायचा, त्यात तोंड खुपसायचं आणि आत सगळं लाल-काळं बघायचं. खप आठ लाखांच्या आतच आटोपला. तेव्हा ह्या बाजारात योकोईलाही अभय नाही, हे आपलं लक्षात ठेवावं.

बाकीच्यांची तर काय कथा! 2003 मध्ये नोकियानं फोन आणि खेळ एकत्र करून ‘एन-गेज’ आणला. बोलताना तो कडेवर उभा धरावा लागे. माणूस कानाला करंजी लावून गप्पा मारतोय असं दिसायचं. आणि खेळ बदलायचा तर मागचं झाकण उघडून बॅटरीच काढायची! टीव्हीचं चॅनल बदलायला मीटरबॉक्स उघडण्यापैकीच हे. 2011 मध्ये सोनीचा ‘व्हिटा’ आला. रूपानं देखणा, गुणांनी छत्तीसच्या छत्तीस. पण त्याला कंपनीचंच मेमरी कार्ड लागायचं. अमेरिकेत यंत्र 249 डॉलरना आणि 32 जीबीचं कार्ड 100 डॉलरना! हुंडा नको म्हणायचं आणि बोहल्यावर मोटारसायकल मागायची, त्यातला प्रकार. 2019 मध्ये त्याचं उत्पादनच थांबलं. निन्टेंडोचाही ‘थ्रीडीएस’ 2011 मध्येच महाग म्हणून अडला होता; पण कंपनीनं सहा महिन्यांच्या आत जपानातली किंमत 25,000 येनवरून 15,000 वर आणली आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचा पगार निम्मा केला. आपल्याकडे अशा वेळी आधी शिपायाचा चहा बंद होतो.

ह्या सगळ्या भांडणात खरा जावई मागच्या दारानं घरात शिरला होता. तो म्हणजे मोबाइल. 2008 मध्ये ॲपलचं ॲपचं दुकान उघडलं आणि खिशात एक यंत्र आधीच असताना दुसरं कशाला, हा प्रश्न उभा राहिला. निन्टेंडोनं 2017 मध्ये ‘स्विच’ काढून त्याला उत्तर दिलं: घरात टीव्हीला जोडा, बाहेर हातात धरा. पंधरा कोटींच्या वर लोकांना ते पटलं.

आता मात्र मला पुन्हा गेम गिअरची सावली दिसते. 2022 मध्ये आलेला ‘स्टीम डेक’ 669 ग्रॅमचा. तेवढ्या भेंडीत आमच्याकडे दोन वेळची भाजी होते. जून 2025 मध्ये आलेला ‘स्विच 2’ अमेरिकेत 450 डॉलरना, आणि बॅटरी पुरणार दोन ते साडेसहा तास, असं कंपनीच सांगते. गुण वाढताहेत, वजन वाढतंय, किंमत वाढतेय. खिशात मावणं मात्र केव्हाच सुटलं. कंटाळलेल्या नोकरदारासाठी निघालेलं खेळणं आता बहुधा त्याच्या साहेबालाच परवडेल.

एवढं टिपण काढून मी नातवापुढे वाचलं आणि निकाल दिला, “फोनवर खेळ. फुकट आहे.”

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आजोबा, फोनवरचा गेम संपतच नाही. मधेच पैसे मागतो. बंद केला तरी सारखा परत बोलावतो. ह्यातला गेम एकदा विकत घेतला की झालं. आणि तो संपतो. संपला की ठेवून देता येतं.”

हा रकाना त्याच्या तक्त्यात नव्हता. माझ्या टिपणातही नव्हता. कुठल्या कंपनीच्या जाहिरातीतही मी पाहिला नाही. पण ह्या यंत्रांचं पुढे काही भलं व्हायचं असेल, तर ते ह्याच रकान्यावर होईल असं आता वाटतं. फोनशी वेगात आणि फुकटेपणात कोण टक्कर देणार? आपलं काम झालं की निमूटपणे बाजूला होणं, हे फोनला अजून जमलेलं नाही.

शेवटी तक्त्यातलं सगळ्यात कमी मार्कांचं, मागच्या पिढीतलं, वापरलेलं यंत्र घेतलं. एका कोपऱ्यावर ओरखडा आहे. परवा रात्री त्यानं पहिला गेम संपवला, यंत्र कपाटात ठेवलं आणि विचारलं, “आजोबा, पत्ते खेळायचे?”

पत्रिका गुंडाळताना काका दर वेळी एक वाक्य म्हणायचे: “गुण मी बघितले. मुलगा तुम्ही बघा.” जबाबदारी झटकायची ती त्यांची युक्ती आहे, असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो.