खाणीची भाषा आणि वाङ्मयाची भाषा : झोला व मुसरों

उत्तर फ्रान्समधील नोर-पा-द-काले या कोळसाक्षेत्राचा समावेश युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत केला. १०९ घटकांच्या त्या नोंदीत खाणमुखावरील मनोरे, कामगारवस्त्या, शाळा, आगगाडीची स्थानके आणि टाकाऊ दगडमातीचे डोंगर यांची गणना आहे. यांपैकी काही डोंगर १४० मीटरांहून उंच आहेत. जे मोजता येते ते असे मोजले गेले. परंतु १७२० मध्ये फ्रेन येथे कोळसा सापडल्यापासून १९९० मध्ये वान्यी येथील अखेरची खाण बंद होईपर्यंत, म्हणजे २७० वर्षे, या भूमीच्या पोटात जी भाषा बोलली गेली तिचा वारसा कोठे शोधावयाचा? या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः एमिल झोलाच्या ‘जेर्मिनाल’ या कादंबरीकडे बोट दाखवून दिले जाते. हे उत्तर तपासून पाहण्याजोगे आहे.

१८८४ च्या फेब्रुवारीत, संप चालू असताना, झोला आंझॅं येथे गेला. दनॅंच्या रनार खाणीत उतरला, टिपणे केली. १८८५ मध्ये कादंबरी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. स्त्रियांना खाणीत उतरविण्यास १८७४ च्या कायद्याने बंदी झाली होती. परंतु कथानक दुसऱ्या साम्राज्याच्या काळात ठेवल्यामुळे कोळशाच्या गाड्या ढकलणारी कात्रीन तीत अवतरू शकली. खाणकामाचे शब्द झोलाने आवर्जून वेचले आहेत : मुकादमाला ‘पोरिओं’, खाणीत कामाला लावलेल्या पोराला ‘गालिबो’, कामगारांच्या घरांच्या रांगेला ‘कोरों’. यांतील ‘कोरों’ हा मूळचा पिकार बोलीतील शब्द. त्याचा अर्थ नुसता ‘टोक’. टोकावरून घरांची ओळ आणि ओळीवरून वस्ती असा त्याचा अर्थविस्तार झाला. स्फोटक वायूला ‘ग्रिझू’ म्हणतात. हे ‘ग्रीक अग्नी’तील विशेषणाचे वालून रूप होय. अशा शब्दांत खाणीचा इतिहास साठलेला असतो, हे झोलाच्या कानांनी ओळखले होते यात शंका नाही.

तथापि झोलाने नामे घेतली, वाक्य घेतले नाही. माह्यू कुटुंबातील माणसे घरी, पिठ्यात, खाणीत जे बोलतात ते सामान्य लोकांचे फ्रेंच आहे. दनॅंच्या खाणकामगाराचे ‘रूशी’, म्हणजे त्या भागातील पिकार, नव्हे. लॅटिनमधील ‘अ’पूर्वीचा आद्य ‘क’ फ्रेंचमध्ये ‘श’ झाला, पिकारमध्ये तो ‘क’च राहिला, फ्रेंचांचे ‘शा’ (मांजर) येथे ‘का’ असते. असे भेद कादंबरीच्या संवादांत जवळजवळ ऐकूच येत नाहीत. वाचक पॅरिसचा होता, आणि बोलीतील संवाद त्याला दुर्बोध झाले असते, हे समर्थन योग्यच आहे. पण त्याची किंमतही मान्य केली पाहिजे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मधील वऱ्हाडी बोलणे प्रमाण मराठीत उतरविले तर कौतिकचे दुःख कदाचित कळेल, परंतु कौतिक उरणार नाही. झोलाच्या पात्रांचे असे झाले नाही, कारण त्याचे सामर्थ्य मुळी संवादात नाहीच. माणसे गिळणारी व्होरो खाण, तीनदा मरणातून वाचल्यामुळे ‘बोनमोर’ म्हणजे ‘सुमरण’ असे उपरोधाचे नाव मिळालेला व काळे थुंकणारा म्हातारा, अंधारातून सरकणारा जमाव : हे सारे निवेदकाच्या भाषेत घडते. कामगार दिसतो. ऐकू मात्र निवेदक येतो.

ज्या हिवाळ्यात झोला खाणीत उतरला, त्या वेळी दनॅंचा १६ वर्षांचा जूल मुसरों खाणीत राबत होता. वयाच्या १२ व्या वर्षी तो कामाला लागला होता. पुढे त्याने रूशीतच कविता लिहिली. ‘खालची फुले’ अशा अर्थाच्या नावाचा त्याचा पहिला संग्रह १८९७ मध्ये निघाला, आणि काफून्येत हा त्याचा विनोदी खाणकामगार त्या प्रदेशात घरोघरी पोहोचला. मुसरोंची कवित्वशक्ती झोलाच्या प्रतिभेशी तोलणे अन्यायाचे होईल. त्याची पुष्कळशी रचना प्रसंगनिष्ठ आहे. परंतु ‘जेर्मिनाल’मध्ये जे क्वचितच आढळते ते येथे सहज सापडते : कामगाराने स्वतःवर केलेली थट्टा, हत्याराविषयीची जवळीक, भयाविषयी अंग चोरून बोलण्याची रीत. झोलाला खाण म्हणजे राक्षस. मुसरोंला ती कामाची जागा. मात्र याच ठिकाणी त्याची मर्यादाही उघड होते. ज्या संपामुळे झोलाची कादंबरी उभी राहिली, त्या संघर्षाचा आवाज या कवितेत क्षीण आहे. बोली आली की सत्य संपूर्ण आले, असे मानणाऱ्या समीक्षकांनी हे विसरू नये. शिवाय १९१९ नंतर पोलंडमधून आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरोक्कोतून येथे हजारो कामगार आले. त्यांच्या खाणीचे बोलणे मुसरोंच्या पिकारमध्येही मावत नाही.

आज लवार्द येथे १९८४ पासून खाणकामाचे मोठे संग्रहालय आहे. ‘जेर्मिनाल’वर १९९३ मध्ये क्लोद बेरीने चित्रपट काढला. या दोहोंमुळे खाणीचे चित्र जगापुढे राहिले. पिकारची गणना मात्र युनेस्कोच्या भाषाविषयक नकाशात गंभीर धोक्यात असलेल्या भाषांत होते, आणि फ्रेंच शिक्षणखात्याने शाळेत शिकविता येणाऱ्या प्रादेशिक भाषांच्या यादीत तिला २०२१ मध्ये स्थान दिले. तोवर शेवटची खाण बंद होऊन ३१ वर्षे झाली होती.