समाजशास्त्रीय सिद्धांत व संशोधनपद्धती
समाजजीवनाविषयीची सामान्य विधाने आणि त्यांच्या पडताळणीची साधने यांचा परस्परसंबंध. एमील द्यूरकेम याने आत्महत्येवरील ग्रंथात (१८९७) अधिकृत आकडेवारीवरून वैयक्तिक वाटणाऱ्या कृतीची सामाजिक कारणे शोधली. सिद्धांताने प्रश्न पुरवावा आणि पद्धतीने त्याची कसोटी घ्यावी, याचा तो आरंभीचा नमुना होय.

महाराष्ट्रात हे दोन प्रवाह दीर्घकाळ अलगच वाहिले. मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडीस यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या विभागात गो. स. घुर्ये यांनी प्राचीन ग्रंथ व इतिहास यांच्या आधारे जातिसंस्थेचा विचार केला. तर हॅरल्ड मान यांची पिंपळे सौदागर या गावची पाहणी (१९१७) मुख्यतः जमिनीचे तुकडे, कर्ज आणि कुटुंबांचा जमाखर्च यांची होती. एकीत माणसांची मोजदाद कमी, दुसरीत जातीची मीमांसा कमी.

तथ्ये आधी व सिद्धांत नंतर, हा रूढ समज एम. एन. श्रीनिवास यांच्या उदाहरणाने खोटा ठरतो. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली कूर्ग लोकांविषयी जमविलेली सामग्री त्यांनी पुढे ऑक्सफर्ड येथे रॅडक्लिफ-ब्राउन यांच्या प्रकार्यवादी भूमिकेतून नव्याने मांडली (१९५२). टिपणे बव्हंशी तीच होती. परंतु चालीरीतींच्या वर्णनातून आता धर्मविधी व समाजरचना यांचा संबंध उलगडला.

प्रकार्यवादाने मात्र गाव हे स्वयंपूर्ण एकक मानण्याची सवयही रुजविली. सातारा जिल्ह्यात ती विशेष अपुरी पडते. कृष्णा-तारळी संगमावरील उंब्रज (ता. कराड) या गावाचा बाजार, पाटण खोऱ्याकडे जाणारा रस्ता, भोवतालच्या गावांतील सोयरिकी आणि या भागातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेले चाकरमानी हे सारे केवळ हजर कुटुंबांची शिरगणती केल्यास निसटते.

इरावती कर्वे यांचे कार्य या दृष्टीने मोलाचे आहे. आप्तसंबंधांवरील ग्रंथात (१९५३) त्यांनी ग्रंथाधार आणि क्षेत्रकार्य एकत्र आणले, तर जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणी केली (१९६९). अशा पाहणीत कुटुंब एवढेच एकक धरले, तर जमीन, घर व भरपाई यांच्या नोंदी नीटस होतात. पांगलेली भावकी आणि तुटलेले बलुते यांना तक्त्यात रकाना उरत नाही. तो ठेवावा की नाही हे संख्याशास्त्र सांगू शकत नाही. ते आप्तसंबंधांच्या सिद्धांतानेच ठरते.