आजीला कुठल्या खोलीत ठेवायचं?

'ग्रेट बॅरिंग्टन डिक्लरेशन' हे नाव तुम्ही ऐकलं असेल, पण वाचलं नसेल. वाचा. जेमतेम पान-दीड पानाचा मजकूर आहे, चहा गार व्हायच्या आत संपतो. ४ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्स राज्यातल्या त्याच नावाच्या गावात तिघांनी त्यावर सह्या केल्या: हार्वर्डचे मार्टिन कुलडॉर्फ, ऑक्सफर्डच्या सुनेत्रा गुप्ता आणि स्टॅनफर्डचे जय भट्टाचार्य. यातले भट्टाचार्य २०२५ पासून अमेरिकेच्या एनआयएच या बलाढ्य आरोग्य संशोधन संस्थेचे संचालक आहेत. त्यामुळे तो जुना कागद परत काढून वाचण्यात अर्थ आहे. मी तो आमच्या बीड जिल्ह्यात बसून वाचला. इथे वाचला की तो वेगळाच दिसतो, म्हणून ही पोस्ट.

जाहीरनाम्याचं म्हणणं थोडक्यात असं. कोविडने मरण्याचा धोका सगळ्यांना सारखा नाही, म्हातारे-आजारी आणि तरुण यांच्यात तो हजारपटीहून जास्त फरकाचा आहे. मग सगळ्यांनाच कोंडून का ठेवायचं? ज्यांना धोका कमी आहे त्यांना नेहमीसारखं जगू द्या आणि ज्यांना जास्त आहे त्यांना नीट जपा. याला त्यांनी 'फोकस्ड प्रोटेक्शन' म्हटलं, आपण 'नेमकं संरक्षण' म्हणू.

आधी त्यांच्या बाजूने बोलते, कारण त्यांच्यावर टीका करणारे बरेच जण ही पायरी गाळतात. बंदची किंमत गरीब आणि तरुण जास्त मोजतात, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं आणि ते खरंच आहे. बीडला हे कुणी वेगळं सांगायला नको. मार्च २०२० मध्ये आमच्या जिल्ह्यातले ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर, कोप्यांमध्ये अडकले. हंगाम संपत आलेला, घरी जायला वाहन नाही, गावाची हद्द बंद. सरकारने त्यांना परतायची परवानगी दिली ती १७ एप्रिलला. शाळांचं बघा. नववी ते बारावीचे वर्ग उघडायला २३ नोव्हेंबर २०२० उजाडलं, पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ ला, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा कुलूप. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं, आणि महाराष्ट्रातली ती पाहणी कोविडच्या आधीची, २०१९ ची आहे. अशा जिल्ह्यात मुलीची शाळा बंद होणं म्हणजे नुसता अभ्यास बुडणं नसतं. तेव्हा 'सगळं बंद ठेवा, बाकी नंतर बघू' असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही.

पण मग 'जपा' म्हणजे नेमकं काय करा?

जाहीरनाम्यात उदाहरणं आहेत. वृद्धाश्रमात प्रतिकारशक्ती आलेले कर्मचारी ठेवा. घरी राहणाऱ्या निवृत्तांना किराणा घरपोच द्या. नातेवाइकांना घरात भेटण्याऐवजी बाहेर भेटा. आणि अनेक पिढ्या एकत्र राहतात त्या घरांसाठीच्या उपायांसह सविस्तर यादी करता येईल, ते आरोग्य क्षेत्रातल्या लोकांच्या आवाक्यातलं आहे, असं एक वाक्य. एकत्र कुटुंबाला एवढीच जागा मिळाली आहे. तिघांपैकी दोघांचा जन्म कोलकात्याचा आहे, म्हणून हे मला जरा जास्तच खटकलं.

नंतर त्यांनी प्रश्नोत्तरांतून थोडा खुलासा केला. एकत्र कुटुंबातल्या वृद्धाने काही काळ आपल्याच वयाच्या भावंडाकडे किंवा मित्राकडे राहावं, अगदीच नाही जमलं तर हॉटेलांच्या रिकाम्या खोल्या वापराव्यात. आता आमच्याकडे हॉटेल म्हणजे जिथे भजी आणि चहा मिळतो ते. पण चेष्टा सोडा. आमच्या घराचं सांगते. दोन खोल्या आणि ओसरी. आजीला शुगर आणि बीपी, वडिलांना शुगर, आणि रोज बाहेर पडून चार पैसे आणणारे वडीलच. जाहीरनाम्याच्या हिशेबाने आजीला माझ्यापासून आणि वडिलांपासून लांब ठेवायचं, वडिलांनाही माझ्यापासून लांब ठेवायचं, आणि तरी वडिलांनी कामाला जायचं. खोल्या दोनच. आजी कुठल्या खोलीत?

हा फक्त आमच्या घराचा प्रश्न नाही, हे दाखवणारं एक संशोधन आहे. रमणन लक्ष्मीनारायण आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशातले रुग्ण आणि त्यांच्या संपर्कातली पावणेसहा लाख माणसं यांचा अभ्यास २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये छापला. त्यात १ ऑगस्टपर्यंतच्या मृतांपैकी पंचाहत्तरी ओलांडलेले होते १७.९ टक्के. अमेरिकेत हाच आकडा ५८.१ टक्के. म्हणजे तिकडे 'असुरक्षित' म्हटलं की पेन्शन घेणारी, वेगळ्या घरात राहणारी व्यक्ती डोळ्यांपुढे येते. इकडे बऱ्याचदा ती पन्नाशी-साठीतली असते, कमावती असते आणि चुलीला चूल लागूनच राहते. मरण पावलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्क्यांना मधुमेह होता, हेही त्याच अभ्यासात आहे.

आता माझा मुख्य मुद्दा. आपण म्हणतो की नेमकं संरक्षण कुणी करून बघितलंच नाही. नावाने नसेल, पण आपल्याकडे त्याच जातीचं काहीतरी झालं. 'मिशन बिगिन अगेन'चा ३१ मे २०२० चा आदेश काढून बघा. एकेक गोष्ट उघडत जाते, आणि सोबत सूचना आहे की ६५ वर्षांवरच्यांनी, सहव्याधी असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि दहा वर्षांखालच्या मुलांनी अत्यावश्यक आणि आरोग्याची कामं सोडून घरातच राहावं. घरी राहिलेल्याने खायचं काय, हे त्या सूचनेत नाही. मग १५ सप्टेंबरला मोहीम आली, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'. आशाताई आणि स्वयंसेवक घरोघर गेले, ताप, ऑक्सिजन, सहव्याधी नोंदवल्या. काम कष्टाचं आणि उपयोगाचं होतं, त्यावर माझी टीका नाही. पण मोहिमेचं नाव पुन्हा एकदा वाचा. जबाबदारी कुणाची, हे नावातच ठरवून टाकलेलं आहे.

आणि वेळ बघा. मोहिमेच्या दोन फेऱ्या चालल्या त्या ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत, आणि साधारण दसरा-दिवाळीच्या आसपास आमच्याकडून कोयते निघतात. (बाहेरच्या वाचकांसाठी: एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी, मुकादमाकडून उचल घेऊन गेलेली.) म्हणजे यादी गावात राहिली आणि यादीतली माणसं फडात गेली. तिथे ज्याला शुगर आहे त्याने 'मी असुरक्षित, कोपीतच राहतो' म्हणायचं तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. उचल फिटेपर्यंत सुटका नाही, आणि जोडीतला एक बसला की दुसऱ्याचंही काम अडतं. याच महिन्यांत मोफत धान्याचं काय झालं? प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतलं माणशी पाच किलो जादा धान्य नोव्हेंबर २०२० ला थांबलं, ते मे २०२१ मध्ये पुन्हा सुरू झालं. नेमका सगळा गळीत हंगाम त्या खंडात गेला.

गंमत म्हणजे (गंमत कसली) बीडमध्ये दरवर्षी पाच-सहा महिने तरुण आणि म्हातारे वेगळे राहतातच. कमावते फडावर, आजी-आजोबा नातवंडांना घेऊन गावात. जाहीरनाम्याला हवं असलेलं वेगळेपण आमच्याकडे आयतं आहे. फक्त त्या म्हाताऱ्यांना किराणा आणून देणारं, दवाखान्यात नेणारं माणूस असतं तेच फडावर गेलेलं असतं.

दुसरी अडचण यादीचीच. यादीत यायला आजार आधी कुणीतरी ओळखलेला लागतो. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्यांना लस मिळायची ती वीस ठरावीक व्याधींपैकी एक असल्याचं डॉक्टरी प्रमाणपत्र दाखवून. त्यातली एक अट बघा: मधुमेह दहा वर्षांहून जुना किंवा गुंतागुंतीचा, आणि सोबत उपचार चालू असलेला उच्च रक्तदाब. दहा वर्षांपूर्वी ज्याची शुगर कुणी तपासलीच नाही, त्याने हे कशावर सिद्ध करायचं? आमच्या जिल्ह्यात शरीराच्या नोंदी कशा आणि कधी होतात हे सांगायला एकच आकडा देते. २०१९ मध्ये बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यामुळे कोविडचा धोका वाढतो असा माझा दावा नाही. इतकं सगळं होऊन गेल्यावर मोजणी झाली, एवढंच म्हणायचंय. १ एप्रिलपासून प्रमाणपत्राची अट गेली आणि ४५ च्या वरच्या सगळ्यांना लस खुली झाली. माझ्या मते तोच निर्णय पहिल्या दिवसापासून हवा होता.

तोपर्यंत कोयते परतू लागले होते आणि दुसरी लाटही आली होती. २६ मार्चपासून जिल्ह्यात दहा दिवसांचा लॉकडाऊन जाहीर झाला. एप्रिलच्या शेवटी अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून बावीस मृतदेह स्मशानात नेले गेले. याचं खापर जाहीरनाम्यावर फोडणं सोपं आहे, पण ते खोटं होईल. विषाणूचं रूप बदललं होतं आणि इथले निर्णय त्या कागदाकडे बघून झाले नव्हते. मात्र एक गोष्ट तपासता येते. आयसीएमआरच्या रक्ततपासणी पाहणीत देशातले ७० जिल्हे होते, त्यात बीड होतं. त्या सगळ्या जिल्ह्यांत मिळून प्रतिपिंडं आढळली ऑगस्ट-सप्टेंबर २०२० मध्ये ६.६ टक्के लोकांत, डिसेंबर-जानेवारीत २१.४ टक्के आणि जून-जुलै २०२१ मध्ये ६७.६ टक्के. शेवटच्या आकड्यात लसीचाही वाटा आहे. पण २१ वरून ६७ वर जाताना मधले महिने कसे गेले, ते तुम्हाला आठवत असेल. तरुणांमधून संसर्ग पसरेल आणि म्हातारे बाजूला राहतील, ही कल्पना त्या महिन्यांत आमच्या दोन खोल्यांत टिकली नसती.

जाहीरनाम्याला उत्तर म्हणून पंधरा दिवसांच्या आत 'लॅन्सेट'मध्ये 'जॉन स्नो मेमोरँडम' आलं. असुरक्षित कोण हे ठरवणंच अवघड आहे आणि एवढ्या लोकांना दीर्घकाळ वेगळं ठेवणं अशक्य आणि अनैतिक आहे, असं त्यात म्हटलंय. मला ते पटतं. पण निर्बंध ठेवायचे तर लोकांना आर्थिक आधार द्या, असं तेही म्हणतात आणि पुढे जातात. तो आधार मुकादमाच्या वहीपर्यंत कसा पोचायचा, हा प्रश्न दोन्ही कागदांच्या बाहेरच राहतो. मला विचाराल तर बीडसाठीचं नेमकं संरक्षण खोलीपासून नाही, खाड्यापासून सुरू करावं लागेल: आजारी माणसाचा खाडा भरून द्या, कोयता निघायच्या आधी गावातच शुगर-बीपी तपासा, लस कारखान्याच्या गेटवर द्या. हे महाग आहे का? हिशेब करायला हवा, मी अजून केलेला नाही.

पुढच्या पोस्टमध्ये त्या रक्ततपासणी पाहणीबद्दल लिहिणार आहे: एका जिल्ह्यातून फक्त चारशे माणसं निवडून देशाचा अंदाज कसा काढतात, आणि त्याच चारशेवरून एकट्या बीडबद्दल किती बोलता येतं.