समेवाचून तीस सेकंद

मोबाईलवर काढलेल्या ईसीजीची पट्टी वाचायला घेताना वरची ओळ आधी अंगठ्याने झाकावी. ‘नॉर्मल’, ‘पॉसिबल एट्रियल फिब्रिलेशन’, ‘अनक्लासिफाइड’ हे झाले ॲपचे मत. ते टाकाऊ नसते, पण आधी वाचले की डोळा तेवढेच शोधत बसतो.

अशी एक पट्टी समोर घेऊ. सांगलीकडच्या कुठल्याही घरातून ती आलेली असू शकते. वडील दोन दिवस ‘छातीत धडधडतंय’ म्हणतात, पुण्याहून आलेला मुलगा फोनच्या जोडीचे छोटे यंत्र पुढे करतो, वडील दोन्ही हातांची बोटे त्याच्या धातूवर टेकवतात. तीस सेकंदांत पीडीएफ तयार, आणि लगेच डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपवर रवाना. उंच टोके मोजली तर ४६. दुप्पट केली की मिनिटाला ९२. आकडा सभ्य आहे. बीपीच्या यंत्राने तोच दाखवला असता तर घरात कुणी मान वर केली नसती.

आता टोके सोडून मधल्या जागा पाहा. एक बारीक चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. पहिल्या दोन टोकांत १७ चौकोन, पुढे ११, मग २४, मग १४. पुन्हा १७ येतील म्हणून थांबावे तर १९ येतात. शिवाय प्रत्येक टोकाआधी ‘पी’ नावाची एक बुटकी टेकडी असायला हवी, हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या म्हणजे अलिंदांच्या आकुंचनाची खूण. ती कुठेच नाही. तिच्या जागी रेघ नुसती थरथरते आहे. अलिंदे मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा शहारत आहेत आणि त्या गर्दीतून एखादा संकेत निसटून खालच्या कप्प्यांपर्यंत, निलयांपर्यंत, पोचला की ठोका पडतो. डाव्या अलिंदाच्या कोपऱ्यात रक्त साकळून गुठळी होते ती अशाच वेळी, आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात. धडधड हे त्यातले लहान दुखणे.

अनियमितपणा दिसला म्हणून लगेच निकाल लावण्यात मात्र रसिकता नाही. एखादा ठोका मध्येच लवकर येतो, मागे लांब विसावा राहतो आणि चाल पूर्ववत होते. तो सुटा जादा ठोका, बहुतेकदा निरुपद्रवी. डच वैद्य वेंकेबाख यांनी १८९९ मध्ये आणखी एक क्रम उलगडला. त्यात वरून खाली जाणारा संकेत प्रत्येक ठोक्यागणिक थोडा अधिक उशीर करतो, शेवटी एक ठोका गळतो, की पुन्हा पहिल्यापासून. हे त्यांनी ताडले नाडीच्या आलेखावरून, ईसीजी हाताशी नसताना! मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफलींना रात्र जागवणाऱ्याला हे फोड करून सांगायला नको. आड लयीत शिरलेला तबलजी चुकलेला नसतो. तो समेवर येणार हे श्रोता जाणून असतो. समोरच्या पट्टीला सम नाही. कितीही मागेपुढे वाचा, एकही आवर्तन हाती लागत नाही. हेच एट्रियल फिब्रिलेशन.

तिच्या शेजारी साताऱ्याची पट्टी ठेवावी. हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वरचा घाट पळत चढणारा तरुण, बसल्या जागी ठोके ४६. अंतरे इथेही कमीजास्त होतात, पण हळुवार: श्वास घेताना टोके जवळ येतात, सोडताना लांबतात, आणि प्रत्येक टोकाआधी ‘पी’ इमानाने हजर. ठोके पन्नासच्या खाली गेले की काही ॲप लयीबद्दल मत द्यायचेच टाळतात, आणि पोरगा घाबरतो. माझ्या लेखी दोन्हींत देखणी पट्टी हीच.

बोटांच्या या युक्तीचे कूळ जुने आहे. हॉलंडच्या लायडन शहरात आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी क्वार्ट्झच्या अतिसूक्ष्म तारेवर हृदयाची वीज पकडली. यंत्र पावणेतीनशे किलोंच्या घरातले, चालवायला पाच माणसे, आणि रोग्याचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत. १९०५ मध्ये तर त्यांनी दीड किलोमीटरवरच्या इस्पितळातले आलेख टेलिफोनच्या तारेवरून प्रयोगशाळेत उतरवून घेतले. उजवा हात ते डावा हात ही त्यांची पहिली ‘लीड’. मोबाईलचे यंत्र नेमकी तीच वाचते. मिठाच्या पाण्याचेही महत्त्व संपलेले नाही. हळदीच्या काढणीत, उसाच्या फडात निबर झालेली कोरडी बोटे टेकवली की रेघ खरखरते, त्या खरखरीत ‘पी’ बुडते आणि ॲप भलतेच काही बोलून जाते. बोटे ओलसर करावीत, हात मांडीवर सैल टेकवावेत, फोन चार्जरवरून काढावा, आणि पुन्हा घ्यावी.

लयीसाठी एवढी सामग्री पुरते. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये तीस सेकंदांची, एकाच लीडची पट्टी एट्रियल फिब्रिलेशनच्या निदानाला ग्राह्य धरली, अट एवढीच की ती डॉक्टरने वाचलेली हवी. हार्ट ॲटॅकसाठी मात्र ही पट्टी निरुपयोगी. छातीत दाब आणि अंगाला घाम असताना बोटे टेकवत बसू नये, गाडी काढावी. धडधड येऊन-जाऊन असेल तर तिचाही नेम नाही. ती थांबल्यावर घेतलेली पट्टी अगदी नेटकी निघेल आणि दुखणे तरीही असेल.

आणि झडप तर या पट्टीत दिसतच नाही. आपल्याकडे लहानपणीच्या सांधेतापाने मायट्रल झडप आकसलेले रुग्ण अजून भेटतात, कित्येक तर चाळिशीच्या आतले. अशांना एट्रियल फिब्रिलेशन जडले तर रक्त पातळ ठेवण्याच्या नव्या गोळ्यांपेक्षा जुन्याच बऱ्या, हे २०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ अभ्यासातही दिसले. जुनी गोळी म्हणजे ॲसिट्रॉमसारखी, आणि तिच्याबरोबर ठरावीक दिवसांनी आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी. म्हणून सांगलीची ती पट्टी वाचून झाली की डॉक्टर आधी बारा लीडचा ईसीजी आणि इको लिहून देतात. गोळी कोणती ते इको पाहून ठरते.